वरच्या मजल्यावरची फरशी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले, त्याबद्दल माफी असावी. माफी कोणाची मागते तेही मला सांगता येणार नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. पण कागद पुढे घेतला की आधी माफी मागावीशी वाटते.

शाळेच्या जुन्या मुलींनी आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं होतं. मलाही निरोप आला. मी "बघते" म्हणाले आणि काही दिलं नाही. पुढे पुस्तिका निघालीच नाही, कारण जिच्या आठवणी लिहायच्या ती इमारत राहिली नाही. ती वाचावी म्हणून मी आमच्या गल्लीतल्या बायकांकडून पैसे गोळा केले होते. त्या इमारतीचं आणि त्या पैशांचं काय झालं, ते मला एकदा नीट मांडून ठेवायचं आहे. तोंडाने मला ते कोणाला पूर्ण सांगता आलेलं नाही.

हरसूलच्या पुढे आमचा पाडा. वडिलांनी मला एसटीने नाशिकला आणलं, सिस्टर लोकांच्या बोर्डिंगमध्ये ठेवायला. तिथे राहणं, जेवण आणि शाळा एकाच ठिकाणी होती आणि गरिबांच्या मुलींना पैसे पडत नव्हते. घराच्या आत जिना असतो हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे वर चढायचं म्हणजे शिडी लावून कौलं नीट करायला, आणि तेही पुरुषांनी. मी तो जिना पहिल्यांदा हात टेकून, मांजरासारखी चढले. वर उभ्या असलेल्या मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात कठड्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे धर. हे तुझ्यासाठीच आहे."

ह्या सिस्टर बोर्डिंग बघायच्या. दक्षिणेकडच्या होत्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण 'ळ' कुठे यायचा आणि कुठे नाही याचा नेम नसायचा. संध्याकाळी आम्ही फाटके फ्रॉक शिवत बसायचो तेव्हा त्या इमारतीची गोष्ट सांगायच्या. फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. आईबाप गेलेल्या मुली रस्त्यावर सापडायच्या. परदेशातून आलेल्या सिस्टर लोकांनी त्यांच्यासाठी आधी नुसता खालचा मजला बांधला, काळ्या दगडाचा. दगड जवळच्याच खाणीतला, आणि बांधणारे पाथरवट इथलेच. मुली वाढल्या, जागा पुरेना, म्हणून मग वरचा मजला सागवानी लाकडाचा झाला. खाली दगडी कमानींचा व्हरांडा आणि त्याच्यावर लाकडी खांबांचा. एका टोकाला चॅपल, म्हणजे प्रार्थनेची लहान खोली, तिच्या डोक्यावर घंटा. सगळ्यावर लाल मंगलोरी कौलं.

भिंती इतक्या जाड होत्या की खिडकीत पाय पसरून बसता यायचं. बाहेर ऊन तापलं तरी ती खिडकीची जागा गार असायची. दोन मुलींना मिळून एक खिडकी, असा आमचा आपसातला हिशोब होता. माझी जोडीदारीण दिंडोरीकडची होती. ती खिडकीत बसून पाढे म्हणायची आणि मी तिच्या डोक्यातल्या उवा बघायची.

दगडांवर पाथरवटांच्या खुणा होत्या. कुठे मासा, कुठे एकावर एक दोन रेघा. कोणी किती दगड घडवले ते मजुरीच्या वेळी कळावं म्हणून त्या घातल्या होत्या, असं सिस्टर सांगायच्या. आणि एक गोष्ट मला मोठी झाल्यावर दिसली. भिंतींचे बाहेरचे कोपरे आमच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत घासून गोल केलेले होते आणि त्याच्या वर धारदार. पळताना मुलींना लागू नये म्हणून. दगड घडवणाऱ्याने मुली किती उंच असतील त्याचा विचार केला होता. आमच्या घरी असा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही. त्यांना वेळही नव्हता.

शनिवारी इमारत धुवायची, ही आमच्याकडे मोठी गोष्ट. खालचा मजला विहिरीचं पाणी ओतून खराट्याने धुवायचो. निम्मा वेळ घसरण्यातच जायचा. वरच्या मजल्याला मात्र पाण्याची बंदी होती. तिथे जमीन फळ्यांची. तिला नुसता केर काढायचा आणि पिळून काढलेल्या फडक्याने पुसायचं. पुसून झालं की सिस्टर गुडघ्यावर बसून तळहात फळीवर दाबायच्या. हात ओला झाला तर त्या दिवशी त्या मुलीला शेंगदाण्याची चिक्की नाही. "पाणी खालच्या जमिनीचं. वरच्या जमिनीला पाणी चालत नाही," असं त्या म्हणायच्या. का चालत नाही ते आम्ही विचारलं नाही. देवळात चपला चालत नाहीत तसंच ते होतं.

चौथी झाली आणि वडील न्यायला आले. धाकटा भाऊ झाला होता आणि आई उठून बसत नव्हती. सिस्टर व्हरांड्यात वडिलांना म्हणाल्या, "हुशार आहे मुलगी. राहू द्या."

वडील म्हणाले, "हुशार हाय म्हणून तर नेतो. येडी असती तर घर कोण बघल?"

मी पेटी उचलली.

लग्न होऊन मी नाशिकरोडला आले. मालक गोदामात हमाली करायचे. कामाची गरज होती, म्हणून एक दिवस धीर करून त्याच शाळेत गेले. गेटवरून दोनदा परत फिरले होते. मला आया म्हणून ठेवून घेतलं. माझ्या सिस्टरांची तोवर बदली झाली होती. पण इमारत तशीच होती आणि शनिवारचं धुणंही तसंच चालू होतं.

मग शाळेच्या स्थापनेचं मोठं वर्ष साजरं झालं. जुन्या मुली जमल्या. कोणी डॉक्टर झालेली, कोणी बँकेत, कोणी परदेशात. त्यांनी मिळून शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं. बोर्डिंगमध्ये असताना त्या वरच्याच मजल्यावर झोपायच्या, म्हणून तिथले त्रास त्यांना ठाऊक होते. फळ्या करकरतात, पायात कुसळं जातात, फटीत ढेकूण होतात. म्हणून त्यांनी फळ्यांवर सिमेंट टाकून पांढरी चकचकीत फरशी बसवून दिली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. फळ्यांच्या फटीतला केर काढून माझी नखं दुखायची, ते संपलं. नव्या बोर्डिंगवाल्या सिस्टरनी पहिल्याच शनिवारी वर बादल्या चढवल्या. पांढरी फरशी धुतल्याशिवाय पांढरी दिसत नाही. लाकूड दिसेनासं झालं, तसा पाण्याचा नियमही कोणाच्या लक्षात राहिला नाही.

त्यानंतर बोर्डिंग बंद पडेपर्यंत दर शनिवारी आम्ही वर पाणी ओतलं. मुली लहान होत्या, त्यांना फक्त फरशीच माहीत. मला दोन्ही माहीत होतं, पण माझ्याही मनात आलं नाही. खालच्या हॉलच्या छताला भिंतीलगत तपकिरी डाग पडायचे. दर नाताळच्या आधी रंगारी यायचा आणि ते डाग पांढरे करून जायचा.

पुढे आमच्या भागातल्या मुलींना गावाजवळच आश्रमशाळा मिळाल्या. बोर्डिंगला मुली येईनात. शाळा मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत गेली, इंग्रजी झाली, मुलं-मुली एकत्र बसू लागली. जुन्या इमारतीला कुलूप लागलं. चावी माझ्याकडे. मी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायची आणि केर काढून परत लावायची. रिकाम्या इमारतीत मला भीती वाटली नाही. बाहेर चार माणसं असली की मला बोलायचं दडपण यायचं. तिथे ते नव्हतं.

त्याच सुमाराला माझ्या सिस्टर परत आल्या. आता त्या म्हाताऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या. शेवटची वर्षं काढायला त्यांना इथेच पाठवलं होतं. मला बघून म्हणाल्या, "तू ती जिना चढणारी." बाकी सगळं विसरल्या होत्या, माझं नावसुद्धा.

मग बातमी आली की जुनी इमारत धोकादायक आहे म्हणून पाडायची. जुन्या मुली पुन्हा जमल्या. त्यांच्यातल्या एक मॅडम पुढे झाल्या. त्याच आल्या-गेल्याशी बोलायच्या, कागद करायच्या, त्यांच्या मोबाईलवर सगळ्यांचा ग्रुप होता. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती होऊ शकते. आपण पैसे उभे केले तर पाडणार नाहीत." मी मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. मॅडम वळून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या गल्लीत आपल्याच शाळेच्या कितीतरी बायका आहेत. मोठ्या रकमेचा प्रश्न नाही, पण त्यांचाही हात लागला पाहिजे. ते काम तुमचं."

नाही म्हणायला जेवढा आवाज लागतो तेवढा माझ्याकडे नव्हता. मी मान डोलावली.

आमच्या गल्लीत खरंच त्या शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणी आहेत. कोणी दुसरीपर्यंत, कोणी सातवीपर्यंत. कोणी धुणीभांडी करते, एकीची भाजीची गाडी आहे. पहिल्यांदा मी शेजारच्या वहिनीकडे गेले. दारात उभी राहिले.

वहिनी म्हणाली, "काय गं, साखर संपली का?"

मी कसंबसं सांगितलं.

ती हसायलाच लागली. "तू पैसे मागायला निघालीस? तुला भाजीवाल्याकडं वरची कोथिंबीर मागता येत नाय. ती पण मीच मागते तुझ्यासाठी."

"मॅडमनी सांगितलं."

"बरं. आन् एवढं करून पडलीच शाळा, तर?"

"नाही पडणार."

"पडली तर?"

मला तिथून सुटायचं होतं. मी म्हणाले, "तर तुमचे पैसे तुम्हाला परत."

वहिनी आत गेली आणि आहेराचं पाकीट घेऊन आली, वर एक रुपया चिकटवलेलं. "शंभरावर एक," ती म्हणाली. "शुभकार्याला पूर्ण आकडा देऊ नये." संध्याकाळपर्यंत तिनेच गल्लीत सांगून टाकलं होतं की शाळेसाठी पैसे द्यायचे आहेत आणि शाळा पडली तर परत मिळणार आहेत, ही स्वतः बोललीय. मी ते एकदाच, एकाच दारात बोलले होते. मग प्रत्येक दारात ते आधीच पोचलेलं असायचं. बायकांनी पाकिटांतच पैसे दिले, जणू शाळेचं लग्न होतं. दिंडोरीच्या माझ्या जोडीदारणीनेही कोणाच्या तरी हाती पाठवले. ती आता द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. सगळी पाकिटं मी मॅडमच्या हातात दिली. त्यांनी मला जवळ घेतलं. मला काय करावं ते कळलं नाही, मी तशीच ताठ उभी राहिले.

दुरुस्तीआधी तपासणी लागते, म्हणून मॅडमनी इंजिनिअर आणला. वरच्या मजल्यावर तो, मॅडम, सिस्टर आणि मी. सिस्टर काठी टेकत जिना चढून आल्या होत्या. त्याने भिंतीलगतची एक फरशी उचकटायला सांगितली. त्याच्या माणसाने ती काढली. खालचं सिमेंट भुसभुशीत निघालं. त्याखाली फळी, आणि फळीखाली तुळईचं टोक, जिथे ते दगडी भिंतीत शिरतं. इंजिनिअरने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या सागवानात टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. काही आवाजही आला नाही.

तो म्हणाला, "कौलं तर शाबूत आहेत. इथे पाणी आलं कुठून?"

कोपऱ्यात ठेवलेल्या बादलीकडे माझं लक्ष गेलं. ती त्या दिवशी रिकामी होती, पण मला ती उचलून कुठेतरी न्यावीशी वाटली.

मॅडमना कळायला वेळ लागला. मग त्या हळूच म्हणाल्या, "फरशी आम्ही बसवली."

"फरशीने काही होत नाही," तो म्हणाला. "वजन वाढलं तेवढंच. पण हे वरून पाणी आहे, खूप वर्षांचं. कोणी ओतलं?"

सिस्टर म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी. आम्हाला स्वच्छ आवडतं."

सिस्टर त्या वर्षांत इथे नव्हत्याच. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी बोलायला पाहिजे होतं असं आता वाटतं. पण बोलून ते लाकूड घट्ट झालं नसतं.

त्याने त्या बाजूच्या सगळ्या तुळया तपासल्या. टोकाला सगळ्या तशाच. मधे लाकूड अजून लोखंडासारखं, आणि भिंतीत शिरतं तिथे कुजलेलं. मॅडम विचारत होत्या, "बदलता येतील ना? एकेक करून?" तो म्हणाला, "मॅडम, ह्या तुळयांनी दोन्ही भिंतींना धरून ठेवलंय. त्या काढायच्या तर आधी छप्पर उतरवावं लागेल. तुम्ही जमवलेत त्यातून हे होणार नाही. दहा वेळा जमवलंत तरी नाही." तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने खिडकीच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "भिंती मात्र काय बांधल्यात."

त्याचा अहवाल, त्याच्या माणसांची मजुरी, प्रयोगशाळेत पाठवलेले तुकडे, यातच गल्लीतल्या पाकिटांचे पैसे गेले. कोणी खाल्ले नाहीत. बायकांनी शाळा वाचवायला दिलेले पैसे शाळा वाचणार नाही एवढं कळण्यात संपले. मॅडम मला हे सांगताना रडल्या. त्यांना पुण्याला परत जायचं होतं. पैसे परत द्यायचं मी कबूल केलंय, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

पाडायला मशीन आलं तेव्हा वरचा मजला लवकर उतरला. आधी कौलं, मग फरशी, मग लाकूड. चांगलं लाकूड माणसांनी खुणा करून बाजूला रचलं. त्याचा व्यापारी ठरलेला होता. दगडी मजल्याने मात्र वेळ घेतला. मशीनवाला शिव्या देत होता. मला कामगारांना पाणी द्यायचं काम होतं. सिस्टर मैदानात खुर्ची टाकून बसल्या होत्या. घंटा उतरवेपर्यंत बसल्या, मग आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

गल्लीत कोणी पैसे मागितले नाहीत. नळावर एकदा वहिनी म्हणाली, "शाळा पडली वाटतं." एवढंच. पण मी तिच्या दारावरून जायचं सोडलं. मागच्या नाल्याच्या बाजूने वळसा घालून कामावर जायला लागले. मालक म्हणाले, "तू खाल्लेस का? नाही ना? मग झालं." त्यांच्या दृष्टीने ते तिथे संपलं. मी शाळेच्या ऑफिसात पैशांचं विचारायला गेले. मॅनेजर फादर काहीतरी लिहीत होते. मी टेबल पुसलं आणि परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा खिडक्या पुसल्या. फादर म्हणाले, "छान, हल्ली फार स्वच्छ ठेवता तुम्ही." मी महिन्याच्या पगारातून थोडं थोडं काढायला सुरुवात केली, पण गॅसची टाकी आली आणि ते त्यात गेलं.

सिस्टरांच्या खोलीत मी रोज सकाळी चहा न्यायची. एक दिवस त्यांनी विचारलं, "तू हल्ली नाल्याकडून का येतेस? खिडकीतून दिसतेस मला."

तेव्हा मी पैशांचं सांगितलं. सांगताना मी कपाकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

नंतर कळलं, त्या काठी घेऊन फादरांकडे गेल्या होत्या. लाकडाचे पैसे आले होते. व्यापाऱ्याने ते सागवान दिंडोरीकडच्या कुठल्यातरी वायनरीत लावायला नेलं म्हणतात. सिस्टरांनी त्यातून गल्लीच्या पाकिटांएवढे पैसे मागून घेतले आणि मला दिले.

मी म्हणाले, "सिस्टर, ते दान होतं. परत कसं घ्यायचं?"

"इमारतीला दिलेलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला घेता आलं नाही. जा, देऊन ये."

देताना मला मागण्याइतकंच अवघड गेलं. दोघी-तिघींनी नको म्हटलं. मी पैसे त्यांच्या ओट्यावर ठेवून निघाले. भाजीवालीने घेतले आणि तेवढ्याची भाजी मला बळेच भरली, ती परत करता आली नाही. वहिनीने नोटा मोजल्या, मग मोठ्याने म्हणाली, "आन् व्याज?" मी घाबरले. ती म्हणाली, "येडे, बस. चहा टाकते." मी बसले. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मला वाटलं तू आता माझ्या दारात येतच नाय." चहा फार गोड होता.

दिंडोरीची तेवढी राहिली होती. तिच्याकडे मी एसटीने गेले. छाटणी झाली होती आणि बायका ओळीने द्राक्षाच्या काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, औषधाची पेस्ट लावत होत्या. तिने हातमोजा काढला आणि नोटा घेतल्या.

"म्हणजे नाय राहिली," ती म्हणाली.

"नाही."

"काय झालं होतं तिला?"

मी सांगायला लागले, पण बांधावरून मुकादमाने हाक मारली. ती म्हणाली, "नंतर सांग," आणि नोटा कमरेच्या पिशवीत घालून ओळीत परत गेली. मी थोडा वेळ बांधावर उभी राहिले. मग एसटीची वेळ झाली. आता कोणाचेही पैसे द्यायचे राहिलेले नाहीत.